विद्यापीठातला ई-कचरा: डेडस्टॉक रजिस्टर ते वजनपावती

संगणक विभागाच्या जिन्याखालची खोली दर दोन वर्षांनी मीच रिकामी करते. सुरुवात डेडस्टॉक रजिस्टरपासून, म्हणजे विभागाच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीपासून करा. यंत्रावर रंगानं लिहिलेला नंबर रजिस्टरशी जुळला नाही, तर निर्लेखन समिती (जुनं सामान नोंदीतून बाद करायला मंजुरी देणारी) फाइल परत पाठवते आणि सामान आणखी एक पावसाळा तिथंच पडून राहतं. चालू रॅम, पॉवर सप्लाय काढून घ्या, पण काढल्याची नोंद करा. पहिल्या वर्षाच्या मुलांना जोडणी शिकवायला ते उपयोगी पडतात.

हार्ड डिस्कला मात्र हवा तेवढा वेळ द्या. आमच्याकडून भंगारात गेलेला एक संगणक फिरत फिरत एका विद्यार्थ्याच्या हाती लागला. त्यात जुन्या बॅचचे अंतर्गत गुण आणि मुलींचे मोबाइल नंबर होते. तो देताना मीच क्विक फॉरमॅट मारला होता. त्यानं नुसती फाइलींची यादी पुसली जाते, मजकूर जागच्या जागी राहतो. त्या मुलींची आजही मला काळजी वाटते. आता चालू डिस्क पूर्ण ओव्हरराइट करते, म्हणजे जुन्या मजकुरावर दुसरं काहीतरी लिहून तो झाकून टाकते. बंद असेल तर वर्कशॉपमध्ये तबकड्यांना ड्रिलनं आरपार भोकं पाडून घेते. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये तबकडी बऱ्याचदा काचेची असते, तिचा चुरा उडतो. गॉगल लावाच. एसएसडी (तबकडीऐवजी चिपमध्ये मजकूर ठेवणारी डिस्क) असेल तर झाकण उघडून एकेक चिप फुटली का ते बघा.

यूपीएसच्या बॅटऱ्या वेगळ्या ठेवा, त्यांना २०२२ चे बॅटरी नियम वेगळे आहेत. फुगलेली लॅपटॉप बॅटरी दाबू नका, टोचू नका; टोकांना चिकटपट्टी लावून पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा.

जुने डब्यासारखे मॉनिटर आवारात कुणालाही फोडू देऊ नका. नळीच्या मानेवरच्या तांब्याच्या वेटोळ्यासाठी ते फोडतात, आणि त्या काचेत शिसं असतं.

मग निविदा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, वर्षात हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते आणि तिला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनी उपकरणं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रिसायकलरलाच द्यावा लागतो. ही अट निविदेत पहिल्याच ओळीत टाका. लेखा विभाग चढ्या भावाकडे बोट दाखवेल. पण वायरी उघड्यावर जाळून तांबं काढणाऱ्यालाही चढा भाव परवडतो, आणि तो धूर तिथं राबणाऱ्यांच्या छातीत जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नाव आणि नोंदणीची मुदत स्वतः बघा, छापलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नका.

ट्रक फाटकाबाहेर पडण्याआधी वजन आपल्यासमोर करा आणि सही-शिक्क्याची पावती निर्लेखनाच्या फाइलला लावा.