लंडनची फुकट संग्रहालयं: पाय, पोट आणि पाणी सांभाळून

ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (सगळे त्याला व्ही अँड ए म्हणतात), नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम आणि नॅशनल गॅलरी. लंडनमधल्या या पाचही ठिकाणी कायमची दालनं बघायला एक पेनीही लागत नाही. पैसे पडतात ते खास प्रदर्शनांना. तरी आपली मंडळी सकाळी दहाला आत शिरतात आणि पाचपर्यंत एकेक दालन पालथं घालतात. तिसऱ्या तासाला गुडघे कुरकुरायला लागतात आणि चौथ्या तासाला सगळी मडकी सारखीच दिसतात. तिकीटच काढलेलं नाही, तर वसूल काय करायचं? दीड-दोन तास, ठरवून पाच-सहा वस्तू, आणि बाहेर. राहिलेलं परवा. मुलाकडे किंवा लेकीकडे महिना-दोन महिने राहायला गेलेल्या आईवडिलांना तर हे सहज जमतं. चार दिवसांसाठी गेलेल्यांनीही पाच संग्रहालयं उरकण्यापेक्षा दोनच नीट बघावीत.

आधी वेळा. ब्रिटिश म्युझियम रोज १० ते ५ उघडं असतं, शुक्रवारी रात्री ८:३० पर्यंत. व्ही अँड ए १० ते ५:४५, शुक्रवारी रात्री १० पर्यंत. नॅशनल गॅलरी १० ते ६, शुक्रवारी ९ पर्यंत. नॅचरल हिस्टरी ५:५० ला बंद होतं, पण ५:३० नंतर आत घेत नाहीत. सायन्स म्युझियम ६ ला बंद होतं, तिथं शेवटचा प्रवेश ५:१५ चा. २४ ते २६ डिसेंबर सगळी बंद. नॅशनल गॅलरी १ जानेवारीलाही. २५ डिसेंबरला तर बस आणि ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वेसुद्धा धावत नाहीत, तेव्हा त्या दिवशी बाहेर पडायचा बेतच नको. शुक्रवारची संध्याकाळ ज्येष्ठांसाठी उत्तम, कारण शाळांच्या सहली गेलेल्या असतात. फक्त ब्रिटिश म्युझियममध्ये त्या वेळी सगळी दालनं उघडी ठेवत नाहीत. हवं ते दालन चालू आहे का, हे त्याच दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघून निघा.

फुकट असलं तरी वेळेचं तिकीट घरूनच ऑनलाइन काढून ठेवावं. त्याशिवायही बहुतेक वेळा आत सोडतात, पण गर्दीच्या दिवशी तिकीटवाल्यांना आधी घेतात. ऑक्टोबरचा शेवट, फेब्रुवारीचा मध्य आणि मेचा शेवट या सुमारास इंग्लंडमधल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्या आठवड्यात नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियमच्या वाटेला न गेलेलं बरं. दारात देणगीची पेटी आणि कार्ड टेकवायचं यंत्र असतं. देणगी ऐच्छिक आहे. द्यायची नसेल तर हसून पुढं जावं, कुणी अडवत नाही.

बॅगेवरून मात्र नक्की अडवतात. हॉटेल सोडलं, विमान रात्रीचं, मधला वेळ संग्रहालयात काढू, असा बेत बरेच जण करतात आणि ब्रिटिश म्युझियमच्या फाटकातूनच परत फिरतात. चाकांची बॅग तिथं आवारातही चालत नाही, मग ती केवढीही असो. बाकीची बॅग ४० × ४० × ५० सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा ८ किलोपेक्षा जड असली तरी नाही. उपाय सोपा आहे: सामान हॉटेलातच ठेवायला सांगायचं. खोली सोडल्यावरही बहुतेक हॉटेलं संध्याकाळपर्यंत बॅगा सांभाळतात. नॅशनल गॅलरीत आणखी एक अट आहे. चित्रांवर सूप वगैरे फेकण्याचे प्रकार झाल्यानंतर, ऑक्टोबर २०२४ पासून, तिथं द्रवपदार्थ आत न्यायला बंदी आली. बाळाचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध यांना सूट आहे. म्हणून ताकाचा थर्मास त्या दिवशी घरीच.

आता ब्रिटिश म्युझियम आतून. संग्रह सुमारे ८० लाख वस्तूंचा, मांडलेल्या त्यातल्या जेमतेम एक टक्का. म्हणजे सगळं बघणं कुणालाच शक्य नाही, हे एकदा मान्य केलं की डोक्यावरचं ओझं उतरतं. सगळे ग्रेट रसेल स्ट्रीटच्या मोठ्या दारावर रांग लावतात. मागच्या बाजूला माँटेग्यू प्लेसवर दुसरं दार आहे, तिथं रांग बहुधा लहान असते. शिवाय तिथून ३३ नंबरचं दालन जवळ पडतं. चीन आणि दक्षिण आशियाचं हे लांबलचक दालन आहे. त्याला लागून ३३ए मध्ये आंध्रातल्या अमरावती स्तूपाचे कोरीव शिलापट काचेआड लावले आहेत. भल्या सकाळीसुद्धा इथं शांतता असते, कारण त्या वेळी सगळी गर्दी ४ नंबरमध्ये रोझेटा शिळेभोवती (एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेली इजिप्तमधली शिळा) जमलेली असते.

त्या शिळेबद्दल एक युक्ती. १७९९ मध्ये सापडलेली आणि १८०२ पासून इथं असलेली ही शिळा काचेच्या पेटीत आहे, आणि पेटीभोवती फोनवाल्यांच्या दोन-तीन रांगा. अक्षरं धड दिसत नाहीत. ती नीट बघायची तर १ नंबरच्या दालनात जा. मोठ्या दारातून आलात तर ते उजवीकडे, पूर्वीच्या राजाच्या ग्रंथालयात आहे. तिथं शिळेची हुबेहूब प्रतिकृती उघडी ठेवली आहे आणि तिला हात लावायला परवानगी आहे. वर चित्रलिपी, मध्ये डेमॉटिक ही इजिप्तची रोजच्या वापरातली लिपी, खाली ग्रीक, असे तीन थर बोटानं चाचपता येतात. नातवंडं बरोबर असतील तर आधी इथं यायचं, मग खरी शिळा लांबून दाखवायची. याच इमारतीत काही दालनांमध्ये स्वयंसेवक टेबल मांडून बसलेले असतात आणि खऱ्या जुन्या वस्तू हातात घेऊ देतात. अर्ध्या-पाऊण तासाच्या फुकट फेऱ्याही निघतात. त्यांच्या वेळा माहितीकक्षावर विचाराव्या.

हवी ती वस्तू मांडलेली आहे की कोठारात, हे घरबसल्या कळतं. ब्रिटिश म्युझियम आणि व्ही अँड ए या दोघांच्या संग्रहाची यादी ऑनलाइन आहे. वस्तूचं नाव टाकलं की ती सध्या कुठल्या दालनात आहे किंवा मांडलेलीच नाही, ते लिहिलेलं दिसतं. मराठी माणसानं व्ही अँड एला जाण्याआधी हे जरूर करावं, कारण तिथं जाऊन वाघनखं विचारणारे बरेच असतात. ती जुलै २०२४ पासून तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आहेत. आधी साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ याच्याकडून आलेली ही वाघनखं अफझलखानावर वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, असं व्ही अँड ए स्वतःच सांगतं. टिपूचा लाकडी वाघ, ज्याच्या पोटात ऑर्गन आहे आणि जो गोऱ्या शिपायावर झेपावलेला आहे, तो वर्षानुवर्षं ४१ नंबरमध्ये होता. पण दक्षिण आशियाच्या दालनाचं नूतनीकरण हाती घेतलेलं आहे, तेव्हा यादी बघूनच निघा. मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी तिथला शिक्षक जॉन ग्रिफिथ्स याच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या होत्या. त्यातल्या कित्येक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आगीत गेल्या. उरलेल्या व्ही अँड एकडे आहेत, पण सहसा मांडलेल्या नसतात.

व्ही अँड ए, नॅचरल हिस्टरी आणि सायन्स ही तिन्ही एकमेकांना लागून आहेत. साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून एक लांब भुयारी वाट थेट त्यांच्याकडे जाते. पावसात ती सोन्याची वाटते. मात्र या स्टेशनात लिफ्टचा भरवसा धरू नका. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा व्हीलचेअर असेल तर बसनं या. लंडनच्या बस खालच्या पायरीच्या असतात आणि व्हीलचेअरसाठी उतार बाहेर काढतात. नॅचरल हिस्टरीच्या मोठ्या दारावर रांग लांब दिसली तर एक्झिबिशन रोडच्या दारानं शिरा. पायांना विसावा हवा असेल तर व्ही अँड एच्या आतलं अंगण गाठावं. मधोमध उथळ पाण्याचं तळं आहे आणि उन्हाळ्यात लहान मुलं त्यात खुशाल डुंबतात. नातवंडांसाठी कोरडे कपडे पिशवीत टाकाच.

बसायला जागा हा खरा प्रश्न. चित्रांच्या दालनांत बाकं असतात, मूर्तींच्या दालनांत कमी. मोठ्या संग्रहालयांत घडीचं हलकं स्टूल मागितलं तर मिळतं, ते घेऊन दालनभर फिरायचं आणि जाताना परत करायचं. व्हीलचेअरही फुकट देतात, पण संख्या मोजकी, म्हणून दोन दिवस आधी फोन किंवा ईमेल करून ठेवावी. मागायला संकोच करणारे आपल्याकडचे ज्येष्ठ फार. तिथं त्यात कुणाला काही वाटत नाही. फरशी दगडी आणि टणक असते, त्यामुळे चपला किंवा नवे कोरे बूट नकोत. बाहेर थंडी आणि आत गरम, म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ थरांवर थर बरे.

पाण्याचं सोपं आहे: थंड नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्यायची. उपाहारगृहात ‘टॅप वॉटर’ असे शब्द वापरून मागावं, नाहीतर विकतची बाटली पुढ्यात येते. जिथं मद्य विकण्याचा परवाना असतो तिथं मागितल्यावर नळाचं पाणी फुकट देणं इंग्लंडमध्ये कायद्यानंच बंधनकारक आहे.

स्वच्छतागृहाला तिथं टॉयलेट किंवा लू म्हणतात. ट्यूबच्या बहुतेक स्टेशनांत ते नसतं, म्हणून संग्रहालय सोडताना जाऊन घ्यावं, गरज वाटो न वाटो. अडलंच तर वॉटर्लू, व्हिक्टोरिया, किंग्ज क्रॉस, युस्टन, चेअरिंग क्रॉस यांसारखी मोठी रेल्वे स्टेशनं गाठा, तिथली टॉयलेट २०१९ पासून फुकट आहेत. आत पाण्याची सोय नसते, फक्त कागद. दाबली की बारीक तोंडातून पाणी येणारी ३००-४०० मिलीची मऊ बाटली भारतातूनच न्यावी. वॉशबेसिन बहुधा खोलीबाहेर असतं, म्हणून आत शिरण्याआधी बाटली भरून घ्यायची. खाली मोरी नसते, सांडलेलं पाणी तसंच राहतं आणि मागून येणारा घसरतो. तेव्हा पाणी जपून वापरायचं आणि फरशी कागदानं पुसून निघायचं. ओले वाइप्स कमोडमध्ये टाकले तर तुंबतो, ते कचऱ्याच्या डब्यात टाका.

जेवणात आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात ती ‘व्हेजिटेरियन’ या शिक्क्यावर. इंग्लंडमध्ये शाकाहारीत अंडं धरतात. हिरव्या ‘व्ही’च्या सँडविचमध्ये अंडं-मेयोनीज असू शकतं, आणि बहुतेक मेयोनीजमध्ये अंडं असतंच. पाकीट उलटं करून घटकांची यादी बघा. अंडं, दूध, गहू, तीळ असे ॲलर्जीचे पदार्थ तिथं ठळक अक्षरांत छापावे लागतात, त्यामुळे ‘एग’ शोधायला दोन सेकंद पुरतात. ऑक्टोबर २०२१ पासून दुकानात बनवून तिथंच पाकीटबंद केलेल्या सँडविचवरही ही यादी सक्तीची आहे. पाकिटावर ‘वेगन’ असेल तर अंडं नाही, दूध नाही, जिलेटिन नाही. पण कांदा-लसूण ठळक छापत नाहीत, तेव्हा तो न खाणाऱ्यांनी यादी पूर्ण वाचायची. काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या, दूध गोठवणाऱ्या द्रव्यानं बनवतात. त्याचं वावडं असेल तर चीजच्या पाकिटावरच शाकाहारीचं चिन्ह शोधावं.

संग्रहालयातलं कॅफे महाग पडतं. चौघांचं जेवण रुपयांत मोजायला बसलात तर घास उतरणार नाही. जवळच्या टेस्को, सेन्सबरीज किंवा बूट्स यांसारख्या दुकानातून ‘मील डील’ घ्या: एक सँडविच किंवा सॅलड, एक बारीकसारीक खाऊ आणि एक पेय, तिन्ही मिळून एका दरात. चहा मात्र व्ही अँड एमध्येच प्यावा. तिथल्या मॉरिस, गँबल आणि पॉइंटर या १८६० च्या दशकातल्या खोल्या जगातलं पहिलं संग्रहालय-उपाहारगृह मानतात, आणि चहाच्या दरात चिनी मातीच्या फरशांनी मढवलेल्या भिंती बघायला मिळतात. घरचे डबे दालनांत उघडता येत नाहीत. नॅचरल हिस्टरी आणि सायन्समध्ये डबा खायला वेगळी जागा राखलेली आहे. चिवडा, चकली, दशम्या भारतातून नेता येतात. पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये न्यायला मनाई आहे आणि विमानतळावर काढून घेतात.

फिरायला प्रत्येकाचं वेगळं कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा ऑयस्टर (पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवासकार्ड) लागतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. भारतीय कार्ड असेल तर निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही पर्याय चालू करा. नवीन कार्डांवर परदेशातला वापर मुळात बंद असतो, आणि ट्यूबच्या फाटकात लाल दिवा लागतो तो बहुधा त्यामुळेच. ट्यूबमध्ये चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं. उतरताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापतात. बसमध्ये फक्त चढताना. बसनं निघाल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे पैसे लागत नाहीत. कार्ड आणि त्याच कार्डाचं फोनमधलं रूप ही दोन वेगळी कार्डं धरली जातात. दिवसभर एकच वापरा, नाहीतर दिवसभरात ठरावीक मर्यादेपुढं भाडं न कापण्याचा फायदा मिळत नाही.

एक अर्धा दिवस चॉक फार्म स्टेशनजवळच्या १० किंग हेन्रीज रोडसाठी राखून ठेवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि तिथं स्मारक केलं. आजूबाजूला लोक राहतात, त्यामुळे मोठ्या गटानं रस्त्यात घोळका करू नये. वेळा बदलतात, त्या आदल्या दिवशी बघून ठेवा. घर छोटं आहे, मोठ्या संग्रहालयासारखी सोय धरून जाऊ नका: टॉयलेट स्टेशनकडे निघण्याआधीच उरकावं. डबा प्रिमरोझ हिलच्या हिरवळीवर खाता येतो, चालत दहाएक मिनिटांवर आहे.