पद्मिनीची सीट आणि आतलं काम: खालून वर कसं बांधायचं

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११०० किंवा प्रीमियर पद्मिनी पुन्हा उभी करताना बहुतेकांचा पैसा इंजिन आणि रंगावर जातो. सीटवर नवं रेक्झिन ओढलं की काम झालं, असं धरलं जातं आणि वर्षाच्या आत मधोमध खड्डा पडतो. सीटचा आकार आतल्या थरांतून येतो, कव्हर तो फक्त झाकतं.

जुनं कव्हर फाडू नका, उसवा. तोच तुमचा साचा आहे. उसवण्याआधी प्रत्येक शिवणीवर दर १० सेंटीमीटरला एक आडवी रेघ मारा, म्हणजे नवे तुकडे जोडताना खुणेला खूण लागेल. मागच्या बाजूला डावं-उजवं, वर-खाली लिहून ठेवा. जुनं रेक्झिन आक्रसलेलं असतं, त्यामुळे साचा थोडा आखूड निघतो. नव्या थरांवर ठेवून पाहिल्याशिवाय कापड कापू नका. टॅक्सी म्हणून धावलेल्या गाडीत एकाखाली एक कव्हरं सापडतात. मूळ रंग बघायचा तर पायपिंगच्या (शिवणीवरच्या गोल गोटाच्या) आत दुमडलेली पट्टी उघडा. तिथे ऊन पोचलेलं नसतं.

सांगाडा तारेच्या ब्रशने घासा, रेड ऑक्साइड (गंजरोधक लाल प्रायमर) लावा. तुटलेल्या स्प्रिंगला वेल्डिंग अजिबात नको: उष्णतेने पोलादाचा ताव (लवचीक कडकपणा) जातो आणि ती जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटते. त्याच जाडीची स्प्रिंग दुसऱ्या जुन्या सीटमधून घ्या. स्प्रिंगांवर तरट सुतळीने घट्ट बांधा, नाहीतर तारा वरचा थर कुरतडतात. त्यावर साधारण २५ मिलिमीटर काथ्या, मग १२ मिलिमीटरचा ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो घनतेचा) फोम. काथ्या टाळून नुसता जाड फोम भरला तर सीट फुगते, कडा गोल होतात आणि डोकं छताला लागायला येतं.

दोन्ही सीट आणि चार दरवाजांच्या आतल्या पॅडसाठी १३७ सेंटीमीटर पन्ह्याचं ९ ते १० मीटर रेक्झिन धरा. सगळं एकाच रोलमधून घ्या, दुसऱ्या रोलची छटा हमखास वेगळी येते. उभ्या पट्ट्यांचा भाग आधी ६ मिलिमीटर फोमवर शिवा आणि मगच साच्याप्रमाणे कापा. प्रत्येक शिवण दोन-तीन मिलिमीटर कापड खाते. बारा पट्ट्यांत तीन सेंटीमीटर गेलेच. सुती दोरा घामाने कुजतो, म्हणून जाड नायलॉन किंवा पॉलिस्टर दोरा, १८ नंबरची सुई आणि ४ मिलिमीटरचा टाका. टाके याहून जवळ घातले तर रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं.

कव्हर अर्धा तास उन्हात ठेवून मऊ झालं की चढवा. पुढची कड मध्यापासून बाहेर, मग मागची, बाजू शेवटी. आधी कोपरे बांधले तर मधल्या सुरकुत्या कधीच निघत नाहीत.

दरवाजांच्या पॅडचा हार्डबोर्ड खालून फुगलेला दिसला, तर नुसता बोर्ड बदलून भागणार नाही. काचेवरून उतरणारं पाणी दरवाजाच्या पोकळीत पडून खालच्या भोकांतून बाहेर जायला हवं. पॅडमागचं प्लास्टिक कोणीतरी कधीतरी काढून टाकलेलं असतं, म्हणून पाणी बोर्डात मुरतं. भोकं तारेने मोकळी करा. नवं प्लास्टिक वरून आणि बाजूंनी चिकटवा, खालची कड दरवाजाच्या आत सोडा. नव्या ३ मिलिमीटर बोर्डाला मागून आणि कडांना दोन हात वार्निश द्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे चुकवू नका.

छताचं कापड तारांवर टांगलेलं असतं आणि तारांची लांबी सारखी नसते. काढतानाच पुढून मागे नंबर टाका. पुढची-मागची काच उतरवावी लागते, कारण कापडाची कड रबराखाली जाते. कड चिकटवायला उष्णता सोसणारं सोल्युशनच (रबरी डिंक) वापरा. ते दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासं झाल्यावर दाबा. ओलं असताना दाबलं तर मे महिन्यात कड सुटते.

कामाचा क्रम असा ठेवा: फरशीचा गंज, छत, दरवाजे, मॅट आणि सर्वांत शेवटी सीट. मॅट टाकण्याआधी पुढच्या काचेवर दहा मिनिटं पाण्याचा पाइप धरा आणि पायाशी कोरडं वर्तमानपत्र ठेवा. कागद भिजला तर आधी काचेचं रबर बदला.