क्लोरीनची टाकी-वाघीण रिकामी करताना घ्यावयाची खबरदारी

कारखान्याच्या साइडिंगवर (माल उतरवण्यासाठीच्या बाजूच्या रुळावर) क्लोरीनची टाकी-वाघीण रिकामी करताना मुख्य धोके दोन असतात: वाघीण जागची हलणे आणि होज, म्हणजे क्लोरीन बाहेर नेणारी लवचिक नळी, फुटणे. वाघीण डोळ्यांसमोर निश्चल उभी असल्यामुळे पहिल्या धोक्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक असतो. परंतु शंटिंगच्या, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवण्याच्या, वेळी सुटलेला एखादा डबा अगदी संथ गतीने येऊन आदळला, तरी टाकी थोडी सरकते आणि जोडलेला होज तुटण्यास तेवढे सरकणेही पुरेसे होऊ शकते. म्हणून होजला हात लावण्यापूर्वी रूळ, चाके आणि इशाऱ्याचे फलक यांचे काम पूर्ण झालेच पाहिजे. पुढील मांडणी मुख्यतः अमेरिकेच्या संघीय नियमावलीतील शीर्षक 49, कलम 173.31 यावर आधारलेली आहे. भारतातील साइडिंगवर येथील कायदे आणि रेल्वेच्या सूचना अर्थातच आधी पाळाव्यात.

प्रथम रूळ सुरक्षित करावा. दुसरा कोणताही डबा, इंजिन किंवा रुळावरून चालणारे देखभालीचे वाहन आत येऊ नये यासाठी रूळ बदलणारा सांधा दुसऱ्या मार्गाला लावून त्यास कुलूप घालता येते, डीरेल (येणारा डबा मुद्दाम रुळावरून उतरवणारे साधन) बसवता येतो किंवा रुळावर हलवता येण्याजोगा अडथळा उभा करता येतो. नियमाला यांपैकी कोणताही उपाय चालतो. तरीही शक्य असेल तेथे सांध्याच्या कुलुपासोबत डीरेलही लावावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण डबा सांधा ओलांडून आलाच, तर त्याला टाकीपर्यंत पोहोचण्याआधी रुळावरून उतरवणारे साधन वाटेत असते. डीरेल वाघिणीला चिकटून बसवू नये. रुळावरून उतरलेला डबाही काही अंतर घसरत जातो. रेल्वे कामगारांच्या संरक्षणासाठी असलेल्या निळ्या सिग्नलच्या अमेरिकी नियमात हे अंतर किमान 150 फूट धरले आहे, आणि इंजिन-देखभालीच्या व डबे-दुरुस्तीच्या रुळांवर, वेग ताशी 5 मैलांपर्यंत मर्यादित असेल तरच, ते 50 फुटांपर्यंत कमी करता येते. कुलपाची किल्ली वाघीण रिकामी करणाऱ्या प्रमुखानेच स्वतःजवळ ठेवावी.

त्यानंतर हातब्रेक आवळावा. चाक फिरवले म्हणजे ब्रेक लागला असे समजू नये. साखळी ताणली गेली आहे आणि ब्रेकचे गुटके चाकाला घट्ट टेकले आहेत, हे खाली वाकून प्रत्यक्ष पाहावे. किमान एका चाकाला पुढून आणि मागून असे दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. अनेक वाघिणी एकमेकींना जोडलेल्या असतील, तर सगळी रांग कोणत्याही दिशेला हलणार नाही इतके ब्रेक आणि ठोकळे लागतात. ती संख्या उतार आणि भार पाहून ठरवावी.

रुळाच्या ज्या टोकाकडून कोणी येऊ शकते, तेथे धातूचा किंवा तितकाच टिकाऊ फलक लावावा. नियमानुसार तो किमान 30 सेंटिमीटर उंच व 38 सेंटिमीटर रुंद, निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचा असतो, आणि ‘थांबा’ या अर्थाच्या शब्दाची अक्षरे किमान 10 सेंटिमीटर उंच असतात.

एवढे झाल्यावरच टाकीच्या माथ्यावरील संरक्षक झाकण उघडावे. आत मध्यभागी सुरक्षा व्हॉल्व्ह आणि त्याभोवती चार कोनीय व्हॉल्व्ह दिसतात. त्यांपैकी वाघिणीच्या लांबीच्या दिशेने असलेले दोन द्रव क्लोरीनचे आणि आडवे दोन वायूचे असतात. द्रवाच्या नळ्यांना अतिप्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह असतो, पण तो होज फुटल्यावर गळती थांबवीलच, या भरवशावर कधीही राहू नये.

याचे उदाहरण अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या फेस्टस येथे 14 ऑगस्ट 2002 रोजी घडले. टाकी-वाघीण रिकामी होत असताना होज फुटला आणि सुमारे 48,000 पौंड, म्हणजे जवळजवळ 22 टन, क्लोरीन बाहेर पडला. होजवरील धातूच्या विणीसाठी हॅस्टेलॉय सी-276 हा मिश्रधातू हवा होता, पण प्रत्यक्षात ती वीण स्टेनलेस स्टीलची निघाली. दोन्ही दिसायला सारख्याच, मात्र क्लोरीनच्या संपर्कात स्टेनलेस स्टील टिकत नाही. आपत्कालीन बंद-व्हॉल्व्हही गंजामुळे साचलेल्या थरांनी पूर्ण मिटले नाहीत, आणि शेवटी संरक्षक पोशाख घातलेल्या पथकाला टाकीवर चढून व्हॉल्व्ह हाताने बंद करावे लागले. म्हणून होजच्या धातूची खात्री उपकरणाने तपासून करून घ्यावी, पुरवठादाराच्या कागदावर विसंबू नये. आपत्कालीन व्हॉल्व्हची चाचणी घेताना नियंत्रण-कक्षातला दिवा बदलला एवढ्यावर समाधान न मानता, व्हॉल्व्ह खरोखर पूर्ण मिटतो का ते पाहावे.

जोडणी झाल्यावर अमोनियाच्या द्रावणाची वाफ होजच्या जोडांजवळ धरावी. गळती असल्यास पांढरा धूर उठतो. द्रावण मात्र धातूवर सांडू देऊ नये. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने खोलगट भागात साचतो, त्यामुळे सुटकेची वाट वाऱ्याच्या विरुद्ध आणि चढाच्या बाजूने ठरवावी, आणि श्वसनयंत्र हाताशी ठेवावे. काम चालू असेपर्यंत प्रशिक्षित कर्मचाऱ्याने तेथे हजर राहावे किंवा मान्यताप्राप्त संकेत-यंत्रणेने सतत देखरेख ठेवावी.

रिकाम्या टाकीतही क्लोरीन उरतोच, म्हणून ती स्वच्छ होईपर्यंत तिच्यावरील धोक्याचे फलक काढू नयेत. सर्व व्हॉल्व्ह व झाकणे घट्ट बंद होऊन वाघीण वाहतुकीस योग्य झाल्याची खात्री पटल्यावरच निळा फलक उतरवावा, आणि डीरेलचे कुलूप सर्वांत शेवटी, ते लावणाऱ्यानेच काढावे.