पंचगंगेतलं केंदाळ (जलपर्णी): कुणी, कधी, कसं काढायचं

सुरुवात वरून, राजाराम बंधाऱ्याकडून. खालचे रुई-तेरवाड बंधारे आधी साफ केले, तर वरून वाहत आलेलं केंदाळ तिथंच पुन्हा अडकतं. जलसंपदा विभागानं बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढायची तारीख कोल्हापूर, इचलकरंजी महापालिका आणि नदीकाठच्या ग्रामपंचायतींना आधी कळवावी. नाहीतर सगळा पसारा वाहत खाली शिरोळच्या दारात, आणि मग नुसती पत्रापत्री!

रिकामी पिंपं दोराला बांधून आडवा अडसर टाका, मग पोकलेन लावा. तुटलेले धुमारे जाळीनं वेचाच: एका तुकड्यातून रोप फुटतं आणि उबदार, सांडपाण्याच्या नदीत दोनेक आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. ढीग पूररेषेच्या वरच्या बाजूला टाका. फुलोऱ्याआधीच काढा, बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. तणनाशक नको, कुजणारं केंदाळ ऑक्सिजन खातं, मासे मरतात.

सांडपाणी थांबवणं महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं.