दोन मुलं, तीन क्लास आणि फ्रिजवरचं कालनिर्णय

थोरली दहावीत, कथक शिकते. धाकटा आठवीत, खो-खो आणि तबला.

जूनमध्ये कालनिर्णयवर आधी परीक्षा लिहून काढा, क्लास नंतर. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत-नृत्याच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर सत्रात होतात. दहावीच्या वर्षी नोव्हेंबरचं सत्र पूर्वपरीक्षेच्या तोंडावर येतं, म्हणून लेकीची परीक्षा आम्ही नववीच्या उन्हाळ्यातच उरकली. शास्त्रीय कला आणि खेळाचे वाढीव गुण बोर्ड देतं, पण प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स आताच फाइलला लावा.

सरावाहून आलेल्या मुलाला लगेच अभ्यासाला बसवू नका. मी बसवायचे. एकदा गणिताच्या वहीवर गाल टेकून तो गाढ झोपलेला दिसला, गुडघ्यावर मैदानाची माती तशीच. पोटात तुटलं माझ्या. आता हातपाय धुणं, गरम थालीपीठ, वीस मिनिटं आडवं होणं, मग वही.

परीक्षेतही रियाज पूर्ण बंद करू नये. लेक रोज पंधरा मिनिटं तत्कार, म्हणजे कथकमधलं पावलांचं काम, करते, रात्री आठनंतर घुंगरांशिवाय, कारण खालच्या मजल्यावरचे आजोबा लवकर झोपतात.

रविवारची संध्याकाळ मात्र कोणत्याही क्लासला देत नाही.