पाय टेकायला शिका: पन्नाशीनंतर ट्रायल्स बाइक चालवताना होणाऱ्या चुका

रविवारी सकाळी साडेनऊला शेताच्या फाटकाशी व्हॅन लागतात. बूट चढवताना ज्यांना व्हॅनच्या कडेवर बूड टेकावं लागतं, मोजा ओढताना ज्यांच्या तोंडून ‘आई गं’चं इंग्रजी रूप बाहेर पडतं, तीच माणसं अर्ध्या तासाने गुडघाभर उंच दगडावर सत्तर किलोची मोटरसायकल चढवत असतात. माझं वय ५८. मूळचा साताऱ्याचा, आता शेफिल्डला. घरापासून वीस मिनिटांवर पीक डिस्ट्रिक्टचे खरखरीत दगड सुरू होतात. चाळिशीनंतर हा नाद लागला, आणि खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलोय.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ट्रायल्स ही शर्यत नव्हे. ओढा, मुळं, चिखल, दगड यांतून खुणा लावून छोटे टप्पे आखलेले असतात, त्यांना सेक्शन म्हणतात. पाय न टेकता पार केलात तर शून्य. एकदा टेकलात तर १, दोनदा २, त्याहून जास्त कितीही वेळा टेकलात तरी ३. पडलात किंवा खुणांच्या बाहेर गेलात तर ५. ज्याचे गुण कमी तो जिंकला. क्लबच्या ट्रायलमध्ये साधारण दहा सेक्शन आणि चार फेऱ्या, म्हणजे चाळीस वेळा परीक्षा. गाडीला बसण्यासारखी सीट नसतेच, सगळं फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून.

आपल्या बुलेटचंही या खेळाशी जुनं नातं आहे. १९५२ साली जॉनी ब्रिटन यांनी ३५० सीसीच्या बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली होती. २०१९मध्ये भारतात आलेली ‘बुलेट ट्रायल्स’ हे त्याच परंपरेचं नाव.

पाय न टेकण्याचा हट्ट

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हीच.

पाय टेकण्याला डॅब म्हणतात, आणि डॅब म्हणजे नामुष्की हे पहिल्या महिन्यातच डोक्यात बसतं. तिशीत ते खपतं. तोल गेला तरी शेवटच्या क्षणी कमरेतून वळून, हँडलला हिसका देऊन गाडी परत सरळ करता येते. पन्नाशीनंतर ती चपळाई थोडी उशिरा येते. हट्ट मात्र वेळेवर येतो.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एका आडव्या उतारावर मी होतो. उजवीकडे चढ, डावीकडे ओढा, पायाखाली शेवाळलेला दगड. पुढचं चाक मुळावरून चार बोटं घसरलं. त्याच क्षणी उजवा पाय टेकला असता तर एक गुण गेला असता. मी म्हटलं, सावरतो. सावरता सावरता गाडी डावीकडे कलली, डावा पाय बाहेर काढला, तर खाली जमीन होती ती दीड फुटावर. पाय तिथे पोचेपर्यंत गाडी माझ्या अंगावर आणि मी ओढ्यात. सेक्शनचे पाच गुण मिळाले, वर मनगटाला सहा आठवडे प्लास्टर.

म्हणून आडव्या उतारावर पाय टेकायचा तो चढाच्या बाजूला, आणि लवकर. सेक्शन आधी चालून बघतो तेव्हाच ठरवायचं: इथे गेलो तर उजवा पाय, या दगडावर. तो दगड मी मनातल्या मनात बुक करून ठेवतो. दरीच्या बाजूने जायची वेळच येऊ नये म्हणून अशा जागी शरीराचं वजन खालच्या फूटपेगवर आणि गाडी किंचित चढाकडे झुकलेली ठेवायची.

दुसरं, डॅबचाही सराव करावा लागतो. हे कोणी करत नाही. मोकळ्या जागेत हळू चालवत मुद्दाम एक पाय टेका, थ्रॉटल न सोडता गाडी चालती ठेवा, पाय परत पेगवर. पाय टेकताना गुडघा सैल हवा. ताठ पाय जमिनीत खुपसला की सगळा झटका गुडघ्यात आणि कमरेत जातो, आणि तो सोमवारी ऑफिसच्या जिन्यात कळतो. नीट टेकलेला डॅब म्हणजे जिवावरचं एका गुणावर निभावणं.

‘आता अंगात ताकद नाही, म्हणून मोठं इंजिन’

ऐकायला पटतं. पण सीसीपेक्षा ताकद कशी येते ते महत्त्वाचं. काही ३००च्या गाड्या बैलगाडीसारख्या शांत ओढतात, तर काही २५० मनगट जरा हललं की उधळतात. म्हाताऱ्या मनगटाला दुसरी जात नको. ट्रायल्समधले दिग्गज सॅमी मिलर यांनी ५०० सीसीची एरियल सोडली आणि १९६५ची स्कॉटिश जिंकली ती जेमतेम निम्म्या सीसीच्या बुल्टाकोवर. म्हातारपणी नव्हे, ऐन भरात. पन्नाशीचं अंग त्याहून जास्त वाद घालू शकत नाही.

उधळणारी गाडी आधीच घेतली असेल तर लगेच विकू नका. फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चकतीला, जोडायचं जादा वजन मिळतं, त्याने इंजिन सावकाश फिरायला लागतं आणि खालच्या वेगात बंदही कमी पडतं. मंद थ्रॉटल ट्यूब (मूठ फिरवली की केबल ओढणारी नळी) बसवली तर तेवढ्याच मनगटात थ्रॉटल कमी उघडतो. गाडीवर मॅप, म्हणजे इंजिन ताकद कशी सोडतं ती पद्धत, बदलायचं बटण असेल तर ते पावसाच्या, म्हणजे मऊ मॅपवर ठेवा आणि उन्हातही तिथेच राहू द्या. कोणी विचारत नाही.

हात भरून येतात, कंबर धरते: आधी गाडी तपासा

दुसऱ्या फेरीत कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग लाकडासारखा होतो, बोटांना क्लच दाबवत नाही. आपण म्हणतो, वय झालं. पुष्कळदा वय नसतं, हँडल असतं. हँडल मागे फिरवलेलं असलं की वजन टाचांवर जातं, मग पडू नये म्हणून माणूस हाताने लटकतो. हँडल थोडं पुढे फिरवून बघा. उभं राहून गुडघे किंचित वाकवले की हात नुसते ठेवल्यासारखे वाटले पाहिजेत. उंच माणसाने हँडलखाली एखाद-दोन सेंटिमीटरचे राइझर लावले तर पाठ वाकवावी लागत नाही. त्याहून जास्त उचललं तर पुढचं चाक हलकं होतं आणि वळत नाही.

क्लच लिव्हर एका बोटाचा. सांधे दुखत असतील तर तो ग्रिपच्या जवळ आणा, पण एवढा नको की क्लच पूर्ण सुटायच्या आत बोट ग्रिपला टेकेल.

आणखी एक गोष्ट. रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रायल्स गाडीत क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात, विशेषतः थंडीत. सकाळी सुरू केली, क्लच दाबून पहिला गिअर टाकला, की गाडी बकऱ्यासारखी उडी मारते. वीस वर्षांच्या पोराला गंमत वाटते, आपल्याला व्हॅनचं दार दिसतं. इंजिन बंद असतानाच गिअर टाका, क्लच दाबा आणि गाडी पुढेमागे ढकला. प्लेटा सुटल्या की चाक मोकळं फिरतं. मग न्यूट्रल करून किक.

टायरच्या हवेबद्दल थोडक्यात: मागे साधारण ४ पीएसआय, पुढे ५ ते ६. पेट्रोल पंपावरचं मीटर एवढं कमी दाखवतच नाही. कमी दाबाचं वेगळं गेज घ्या. अर्ध्या पीएसआयने ओल्या दगडावरची पकड बदलते. पोट वाढलं असेल तर अर्धा पीएसआय जास्त, म्हणजे दगडावर रिम आपटणार नाही. (मी पाव वाढवतो. बाकीचं पोट मान्य नाही.)

किक

येझदीवर शिकलेल्यांना एकच लिव्हर गिअरचाही आणि किकचाही असतो हे ठाऊक आहे. बुलेटची उलटी किक ज्याने खाल्ली, त्याला शिकवावं लागत नाही. पण इथे बरेच जण तिरक्या उतारावर, ताठ गुडघ्याने, अर्धीमुर्धी किक मारतात आणि मग गुडघ्याला शिव्या देतात. गाडी सपाटीवर आणा किंवा दगडाला टेकवा. पायाला कंप्रेशन, म्हणजे इंजिनाचा विरोध, लागेपर्यंत लिव्हर हळू दाबा, परत वर आणा, मग एकच पूर्ण लांब किक. गुडघा खरंच गेला असेल तर इलेक्ट्रिक ट्रायल्स गाड्यांना किक नसतेच, आणि आता काहींना क्लचही मिळतो.

चष्मा

हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितोय. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचायला असतो. पेगवर उभं राहून पुढच्या चाकापाशी बघितलं की नजर नेमकी त्याच भागातून जाते आणि जमीन धूसर दिसते. दगडाची कड पाच-सहा इंच इकडे की तिकडे कळत नाही. मी दोन महिने समजत होतो की आपला तोल बिघडला. शेवटी एका नंबरचा, नुसता लांबचा चष्मा केला आणि तोल जागेवर आला. नाहीतरी नजर पुढच्या चाकावर नको, दोन-तीन मीटर पुढे हवी. पण डोकं आपोआप खाली जातंच.

महिन्यातून एकदा सहा तास

नोकरी, घर, पाऊस, मग महिन्यात एक दिवस मोकळा मिळाला की सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालवायचं. शेवटच्या दोन तासांत अंग थकलेलं, पाय उचलत नाही, आणि पडणं नेमकं तेव्हाच होतं. त्यापेक्षा आठवड्याला पाऊण तास बरा. घराच्या मागच्या अंगणात इंजिन बंद ठेवून, हँडल एका बाजूला वळवून, पुढचा ब्रेक धरून पेगवर उभं राहायचं. सुरुवातीला तीन सेकंदही जमत नाही. शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघतो, त्याला हात करायचा.

तोल गाडीशिवायही राखता येतो. सकाळी दात घासताना मी एक मिनिट डाव्या पायावर आणि एक मिनिट उजव्या पायावर उभा राहतो. बायको पहिल्या दिवशी म्हणाली, “अहो, बगळ्यासारखे काय उभे राहताय?” आता तीही राहते. आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि पाठीवर झोळी घेऊन जिना. स्नायू वयाने कमी होतातच, वापरले नाहीत तर जास्त भराभर.

पाणी, गोळ्या आणि एकटं जाणं

वयाबरोबर तहान कमी लागते. थंडीत तर लागतच नाही, पण जॅकेटच्या आत घाम येत असतो. दर फेरीला दोन घोट, तहान असो नसो. मी चिक्की खिशात ठेवतो, इथल्या चॉकलेटसारखी ती वितळत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी काय चालवतो. ‘थोडं मोटरसायकलिंग’ असं गुळमुळीत नको. या गोळ्यांवर असताना डोकं आपटलं तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एकदम उभं राहिलं की भोवळ येते, आणि या खेळात आपण दिवसभर तेच करतो. गोळ्यांची चिठ्ठी जॅकेटच्या आतल्या खिशात, आणि क्लबमधल्या एकाला तरी ती कुठे आहे ते माहीत असू द्या. सरावाला एकटे जाऊ नका. मनगटाला बांधायची किल-स्विचची दोरी लावल्याशिवाय गाडी सुरूही करू नका. पडल्यावर इंजिन चालू असलेली गाडी दगडाहून वाईट.

दुखापतीनंतर प्लास्टर निघालं म्हणजे हाड तयार झालं असं नव्हे. मी सातव्या आठवड्यात परत गेलो. तीन सेक्शन केले आणि चहा पीत बसलो.

वरच्या रूटला चिकटून राहणं

त्याच सेक्शनमध्ये कठीण, मधला आणि सोपा असे वेगवेगळे मार्ग असतात. पन्नाशीनंतर मधल्यावरून सोप्यावर येताना जीव जातो. मग मित्र टोनी बोऊचं उदाहरण देतात: २००७ ते २०२४, सलग १८ जागतिक विजेतेपदं, अठरावं ३७व्या वर्षी. अहो, तो बोऊ आहे. आणि ३७ म्हणजे आमच्या क्लबात ज्युनियर.

मी निकष सोपा ठेवलाय. एका ट्रायलमध्ये पाचापेक्षा जास्त ‘फाइव्ह’ आले की पुढच्या वेळी खालचा रूट. सलग दोनदा खालच्या रूटवर दहाच्या आत गुण आले की परत वर. यात वयाचा प्रश्नच येत नाही, कार्डावरचे आकडे ठरवतात.

अंग अगदीच नाही म्हणेल त्या रविवारी घरी बसू नका. क्लबला ऑब्झर्व्हर, म्हणजे सेक्शनवर बसून गुण नोंदवणारे, कधीच पुरत नाहीत. परवा मी सातव्या सेक्शनवर होतो, हातात पंच, घडीची खुर्ची, थर्मासमध्ये आल्याचा चहा. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ जुन्या ट्विनशॉकवर, म्हणजे मागे दोन शॉक असलेल्या गाडीवर, आले. सेक्शन सावकाश चालून बघितलं, एका दगडाशी थांबले, बुटाने त्यावरचं शेवाळ पुसलं. मग गाडीवर चढले. मुळापाशी पुढचं चाक जरा हललं. मला वाटलं, हे सावरतील. त्यांनी सावरायचा प्रयत्नच केला नाही, उजवा पाय त्या पुसलेल्या दगडावर ठेवला, उचलला, आणि शेवटच्या खुणेतून बाहेर पडले. माझ्यासमोर कार्ड धरून म्हणाले, “वन, प्लीज.” मी एकच्या खुणेवर भोक पाडलं आणि ते आठव्या सेक्शनकडे गेले.