बंद पडलेली हार्ड डिस्क वॉरंटीत बदलून घेताना: चार डिस्क आणि एक कोरं बिल

मी सांगलीत, विश्रामबागला लग्नाचे अल्बम डिझाइन करते. फोटो नवरा काढतो. ते निवडायचे, रंग दुरुस्त करायचे, पानं लावायची आणि प्रिंटिंगला पाठवायचं, हे माझ्याकडे. एका लग्नाचे कच्चे फोटो आणि व्हिडिओ मिळून दोनतीनशे जीबी सहज होतात. घरात साड्यांपेक्षा हार्ड डिस्क जास्त झाल्यात असं सासूबाई म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. आजवर यातल्या चार वॉरंटीत असताना गेल्या. दोन बदलून मिळाल्या, दोन नाही. न मिळालेल्या दोन्ही वेळी घाई नडली, एकदा उघडायची आणि एकदा स्वस्तात घ्यायची.

आधी बिलाचं सांगते. दुसऱ्या डिस्कच्या वेळी कपाटातून बिल काढलं तर हातात पांढरा कागद. थर्मल प्रिंटरचं बिल होतं, दोन उन्हाळ्यांत अक्षर न् अक्षर उडालं. दुकानदार भला माणूस. "वैनी, काळजी करू नका, टॅलीत असतंय सगळं," म्हणत त्यानं तारीख शोधून दुसरी प्रत काढून दिली. पण तो दुकान बंद करून गेला असता तर? तेव्हापासून डिस्क घेतल्या दिवशीच तीन गोष्टी करते. जीएसटीचं पक्कं बिल घेते आणि त्यावर डिस्कचा सीरियल नंबर लिहायला लावते, दुकानदार कितीही कंटाळला तरी. बिलाचा आणि डिस्कच्या सगळ्या बाजूंचा फोटो काढून स्वतःलाच मेल करते. आणि कंपनीच्या वेबसाइटवर तो नंबर टाकून वॉरंटी कधीपर्यंत दिसते ते त्याच संध्याकाळी बघते.

हे शेवटचं कुणी करत नाही, आणि खरी मेख तिथंच असते. कंपनीच्या नोंदीत वॉरंटी बहुधा डिस्क कारखान्यातून निघाली त्या तारखेपासून मोजलेली असते. मधे ती गोडाऊनमध्ये सहा महिने पडून असली तर ते सहा महिने तुमच्या खात्यातून जातात. बिल अपलोड केलं की तारीख दुरुस्त होते. माझ्या एका डिस्कची मुदत वेबसाइटवर मार्चमध्येच संपलेली दिसत होती. बिल जोडल्यावर ती ऑगस्टपर्यंत गेली, आणि डिस्क बंद पडली जूनमध्ये.

याच तपासणीत एक कटू सत्यही कळतं. ऑनलाइन फारच स्वस्त मिळाली म्हणून आम्ही एक चार टीबीची डिस्क घेतली होती. ती मेल्यावर नंबर टाकला तर उत्तर आलं की ही डिस्क संगणक बनवणाऱ्या कंपनीला सुटा भाग म्हणून विकलेली आहे, वॉरंटी त्यांच्याकडे मागा. कुठली कंपनी, ते कोण सांगणार! आल्या दिवशी तपासलं असतं तर परत करायची मुदत हातात होती. आणि नवी डिस्क पहिल्याच आठवड्यात कुरकुरायला लागली तर कंपनीकडे जाऊच नका, विकणाऱ्याला परत करा. तो नवी देतो. कंपनी देते ती बहुतेक वेळा दुरुस्त करून तपासलेली.

वॉरंटी किती वर्षांची, हे मॉडेलवर ठरतं. साध्या डेस्कटॉप डिस्कला बहुधा दोन वर्षं, सीसीटीव्ही आणि नॅससाठीच्या (नेटवर्कला जोडून ठेवायच्या साठवण-डब्यासाठीच्या) डिस्कना तीन, महागड्या प्रो मालिकांना पाच. पूर्वी साध्या डिस्कनाही जास्त मिळायची. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, भाव भडकले, आणि त्याच सुमाराला सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या दोघांनीही बऱ्याच मॉडेलची वॉरंटी कमी केली. पुराचं आम्हाला कुणी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाण्यात भिजलेल्या डिस्कला मात्र कुठलीच कंपनी वॉरंटी देत नाही, तिथं विमा असेल तरच काही हाती लागतं.

आता डिस्क खरंच गेली का, ते बघा. पोर्टेबल डिस्कची केबल आणि तिचं ते चपटं तोंड आधी ढिलं होतं, डिस्क नंतर. केबल बदला, लॅपटॉपचं दुसरं पोर्ट वापरा, डेस्कटॉप असेल तर मागचं. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवा. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे आटोपलं. पिवळं दिसलं की खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, सी५ म्हणजे वाचायला त्रास देणाऱ्या, निकाल न लागलेल्या जागा, सी६ म्हणजे दुरुस्तच न होणाऱ्या. हे आकडे चढत असतील तर डिस्क जाणार. सी७ चढत असेल तर दोष बहुधा केबलचा, डिस्कला उगाच बोल लावू नका. एक गंमत: हे आकडे मुळात दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलेले दिसतात, म्हणजे १० लिहिलं असेल तर ते सोळा. सेटिंगमध्ये जाऊन साध्या दशमान आकड्यांत बदलून घ्या.

आणि निळं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गुगलनं २००७ मध्ये आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी या महत्त्वाच्या आकड्यांमधून काहीच इशारा दिला नव्हता. माझी पहिली डिस्कही अशीच, आदल्या रात्री ठणठणीत. सकाळी लावली तर टक्... टक्... टक्... आणि मग शांत. घड्याळाच्या काट्यासारखा तो आवाज अजून कानात आहे. त्यात मिरजेच्या एका लग्नाची हळद होती.

तिथंच आम्ही माती खाल्ली. ओळखीच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. तिथल्या पोरानं स्क्रू ड्रायव्हरनं पोर्टेबलचं कव्हर उचकटलं आणि "आतली डिस्क बाहेर काढून लावून बघतो" म्हणाला. आत यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्याच बोर्डावर जोडलेलं, दुसरीकडे लावायची सोयच नाही. कव्हर उचकटलेलं म्हणून वॉरंटी गेली ती गेलीच. हळदीचे फोटो सहायक पोराच्या कार्डावर अर्धेमुर्धे सापडले. नवरीच्या आईला फोन मी केला होता. ते बोलणं इथं लिहीत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. वॉरंटीत डिस्क मिळते, डेटा मिळत नाही, आणि तुमची जुनी डिस्क परत येत नाही. डेटा हवा असेल तर क्लेम टाकण्याआधीच त्याचा निकाल लावा. डिस्क दिसत असेल तर जे पुन्हा मिळणार नाही ते सगळ्यात आधी कॉपी करा, सिनेमे नंतर. मरायला टेकलेल्या डिस्कवर विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवू नका, ते तिला आणखी दमवतं. टकटक करत असेल तर पुन्हा पुन्हा लावून बघणं बंद. डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्यायची असेल तर उघडल्यावर वॉरंटीचं काय होईल ते आधी त्यांना आणि कंपनीला लेखी विचारा. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला देणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना चहा पाजा.

डिस्क जरा तरी चालत असेल तर पाठवण्याआधी पुसा. लोकांच्या मुलीबाळींचे फोटो असतात त्यात. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना क्विकची खूण काढा, म्हणजे ती सगळीकडे शून्यं लिहीत जाते. चार टीबीला रात्र जाते. नंतर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून, उदाहरणार्थ सीगेटच्या सीटूल्समधून, लांबची टेस्ट करा आणि नापास झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पुढे कुणी "आमच्याकडे चालतेय" म्हणालं तर तो दाखवायचा.

क्लेम वेबसाइटवरच होतो: सीरियल नंबर, बिघाड, पत्ता, आणि एक आरएमए नंबर, म्हणजे डिस्क परत पाठवायच्या परवानगीचा नंबर, मिळतो. तो मिळाल्यापासून डिस्क पाठवायला ठराविक मुदत असते, लग्नसराईच्या नादात ती घालवू नका.

आमच्या डिस्कच्या कंपनीचं जमा केंद्र कोल्हापुरात होतं, म्हणून कुरियरपेक्षा एसटीनं मीच गेले. काउंटरवरच्या मुलानं डिस्क ट्यूबलाइटखाली धरली, कडेवरून अंगठा फिरवला आणि एका कोपऱ्यावर थांबला. "ताई, डेंट आहे. रिजेक्ट होईल." मी मोबाइलमधला खरेदीच्या दिवशीचा फोटो काढला. तोच कोपरा, तशीच ओतकामाची खोच. त्यानं दोन्हीकडे बघितलं, आतल्या साहेबांना दाखवून आला आणि पावती फाडली. पावती घेतली तशी पिशवीत टाकली, ही माझी चूक. तीन आठवडे वेबसाइटवर काहीच हलेना. शेवटी कळलं की पावतीवर ८ च्या जागी इंग्रजी बी लिहिलेला, म्हणजे माझी डिस्क त्यांच्या लेखी आलेलीच नव्हती. नंबर काउंटरवरच एकेक अक्षर बोट ठेवून ताडून बघा.

कुरियरनं पाठवणार असाल तर डिस्क तिच्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत, चारी बाजूंनी, वर आणि खाली दोनेक इंच फोम, आणि घट्ट खोकं. हलवल्यावर आत काही हललं नाही पाहिजे. रद्दीचे बोळे दबतात आणि डिस्क आत लोळते. केबल, अडॅप्टर, कॅडी (डिस्क बसवायची चौकट), स्क्रू काही घालू नका, परत येत नाहीत. आरएमए नंबर खोक्यावर ठळक लिहा आणि पॅकिंगचा व्हिडिओ काढा.

अडकलंच तर आधी क्लेम नंबर घालून मेल, फोन नाही. फोनवरचं कुणाला आठवत नाही. मेलनं हललं नाही म्हणून मी एकदा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली. पाचव्या दिवशी कंपनीचा फोन आला. बाकी रागावून काही होत नाही, हेही मी करून बघितलंय.

बदलून आलेल्या डिस्कच्या लेबलवर रिसर्टिफाइड, म्हणजे दुरुस्त करून तपासलेली, असं लिहिलेलं असेल. तिची वॉरंटी बहुधा जुनीची उरलेली मुदत किंवा ९० दिवस, यातली जास्त असेल ती. खोकं फोडल्याबरोबर नवा नंबर वेबसाइटवर टाका, पुन्हा लांबची टेस्ट करा, एकदा काठोकाठ भरून बघा. माझ्याकडे अशा दोन आहेत. दोघींवर मार्करनं "बदली" लिहिलंय. चालतायत, पण त्यांच्यात मी दुसरी प्रतच ठेवते, पहिली कधीच नाही.